आइस्क्रीमच्या पॉटमधली व्हायल

ती व्हायल सांगलीत आली त्या दिवशी तिच्या नावाने वाटलेले पेढे माझे होते.

गौरी-गणपतीला मी माहेरी साताऱ्याला जाऊन आले होते. येताना कंदी पेढ्यांचा बॉक्स आणला होता, कारण माझं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन मंजूर झाल्याचं पत्र सुट्टीच्या तोंडावर आलं होतं आणि ते मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. अकराच्या चहाला बॉक्स उघडायचा, आधी सरांना द्यायचा, मग बाकीच्यांना, असं त्या दिवसाच्या कामांच्या यादीत लिहूनही ठेवलं होतं. पण चहाच्या आधीच मुंबईहून थर्मोकोलचा खोका आला. सगळे त्याच्याभोवती जमले. झाकण काढल्याबरोबर पांढरी वाफ टेबलावरून खाली सांडायला लागली, सर लहान मुलासारखे हसले आणि म्हणाले, "अरे, काहीतरी गोड हवं होतं!"

आमचे मामा, म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, तत्परतेने म्हणाले, "मॅडमच्या पिशवीत हायत की पेढं."

झालं. चहाच्या वेळी मी रजिस्ट्रेशनचं सांगितलं तेव्हा सर खरोखर आनंदाने म्हणाले, "वा, वा! मग पेढे कुठायत?"

ही प्रयोगशाळा एका ट्रस्टची होती. पुढच्या भागात रक्त-लघवी तपासणी चालायची आणि तिच्या जिवावर मागच्या दोन खोल्यांतलं संशोधन. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. सर निवृत्त प्राध्यापक, मागच्या खोल्यांचे प्रमुख. मी लग्न होऊन सांगलीत आल्यापासून तिथेच होते. बर्फाच्या लाद्यांची ऑर्डर, खराब झालेला पंखा, संपत आलेला कापूस, सगळं माझ्या यादीत असायचं. माझ्यावाचून तिथलं पान हलत नाही असं मला वाटायचं, आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं.

मग त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती मुलगी आली. सांगलीचीच, मार्केट यार्डातल्या एका जैन व्यापाऱ्याची धाकटी मुलगी, माझ्याहून बरीच लहान. परदेशात शिकून काही वर्षं तिकडच्या प्रयोगशाळेत काम केलेली. वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं म्हणून परत आली आणि सरांनी तिला लगेच ठेवून घेतलं. पहिल्याच दिवसापासून ती मला ताई म्हणायला लागली. मला सगळे मॅडम म्हणत. मामा तर मला इतकी वर्षं मॅडमच म्हणायचे, आणि तिला मात्र आठवड्याभरात ताई म्हणायला लागले. मला तिने ताई म्हटलेलंही खटकायचं आणि मामांनी तिला ताई म्हटलेलंही. दोन्हींची कारणं वेगळी होती, पण दुखायचं एकाच ठिकाणी.

त्या व्हायलमध्ये, म्हणजे खोक्यातल्या त्या बोटभर बाटलीत, काय होतं ते सांगायला हवं. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो. त्यावरची अक्षरं रोज कुठे ना कुठे खराब होत असतात, कधी आपोआप, कधी धुरामुळे, कधी औषधांमुळे. त्यांची दुरुस्ती करणारी प्रोटीन्स शरीरातच असतात. त्यातलं एक प्रोटीन म्हणजे मला आमच्या गल्लीतला रफूवाला वाटायचं. साडी उजेडासमोर धरून, आपल्याला न दिसणारी विरलेली जागा तो शोधतो आणि आधी तिथला खराब धागा कापतो. हे प्रोटीनही तसंच, डीएनएवरची बिघडलेली जागा ओळखून तिथे काप देतं. माणसाच्या शरीरातून ते काढायचं म्हटलं तर हाताला काही लागणार नाही. म्हणून त्याचं माणसातलं जीन बॅक्टेरियात घालतात, बॅक्टेरिया वाढवतात आणि त्यांच्याकडून ते बनवून घेतात. ही व्हायल तिच्या परदेशातल्या गाइडने तिला पाठवली होती, संशोधनासाठी भेट म्हणून.

मामांनी तेव्हाच विचारलं होतं, "म्हंजी ह्ये माणसाचं हाय?"

"माणसाचंच, पण बॅक्टेरियाने केलेलं," ती म्हणाली.

"मग जात कुठली लावायची ह्येला?" मामा म्हणाले, आणि ती इतकी हसली की सर त्यांच्या खोलीतून बघायला आले. तोच विनोद मामांनी माझ्यासमोर केला असता, तर मी त्यांना काचा धुवायला पाठवलं असतं. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं आणि त्याने मी आणखी चिडले.

मला त्या प्रोटीनची गरज तिच्यापेक्षा जास्त होती. माझं काम तासगावकडच्या द्राक्षबागांतल्या फवारणी करणाऱ्या माणसांवर होतं. ऑक्टोबरात छाटणी झाली की पुढचे काही आठवडे औषधांच्या फवारण्यांची नुसती झुंबड असते. आदल्या हंगामात मी त्यांचं रक्त घेऊन एक चाचणी केली होती. पेशी काचेवर पातळ जेलमध्ये बसवायच्या, उघडायच्या आणि विजेच्या प्रवाहात ठेवायच्या. डीएनए तुटलेला असेल तर त्याचे तुकडे एका बाजूला वाहत जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला शेपटी दिसते, धूमकेतूसारखी. अख्खा असेल तर पेशी गोल राहते.

माझ्या सगळ्या पेशी गोल राहिल्या होत्या. फवारणाऱ्यांच्या आणि न फवारणाऱ्यांच्या काचा शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नव्हत्या. वास्तविक त्यातल्या आण्णांच्या हाताची सालं निघत होती. आण्णा म्हणजे त्या गावातले माझे मुख्य बागायतदार. त्यांच्या शब्दावर बाकीचे रक्त द्यायला तयार झाले होते. मी त्यांना सांगितलं की चाचणीत विशेष काही दिसत नाही. ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "मग आमाला काय झालंच न्हाई म्हनायचं का?"

अडचण चाचणीतच होती. खराब झालेली पण अजून न तुटलेली जागा त्या चाचणीत दिसतच नाही. त्या जागी काप देणारं कुणीतरी हवं. म्हणजे तेच प्रोटीन. ते या हंगामात मिळालं नाही, तर फवारण्या संपणार आणि माझं एक वर्ष जाणार. तिचं काम कर्करोगाच्या पेशंटवर होतं. मिरजेच्या दवाखान्यांत शेक, म्हणजे रेडिएशन, घेणारे पेशंट बारा महिने असतात. तिला घाई नव्हती.

तिने आपण होऊन द्यावं असं मला वाटायचं. मी मागणार नव्हते. तिला दिसत नव्हतं का? आण्णा फोन करायचे तेव्हा ती त्याच टेबलाशी असायची. फोनवरचा त्यांचा आवाज खोलीच्या त्या टोकापर्यंत जायचा: "छाटनी झाली बगा मॅडम! रगात कवा घ्यायचं?" आणि मी म्हणायचे, "कळवते, आण्णा." ती मान वर करून बघायची आणि परत खाली घालायची.

व्हायल आमच्या एकुलत्या एक डीप फ्रीजरमध्ये, वरच्या कप्प्यात, स्टीलच्या डबीत होती. डबीवर तिच्या नावाची चिकटपट्टी. सोबत आलेला माहितीचा कागद तिच्याच पर्समध्ये. डबी ती स्वतः उघडायची, स्वतः बंद करायची. खोका उघडला तेव्हा व्हायलच्या तळाशी गोठलेला पांढरा थेंब आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. त्यानंतर तिच्याशिवाय कुणीच डबीत डोकावलं नाही. इतक्या वर्षांत त्या फ्रीजरमध्ये मला न विचारता ठेवलेली ती पहिली वस्तू.

अशात खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांना सुट्टी. हा शिरस्ता मीच बसवला होता. त्या दिवशी सगळी यंत्रं बंद करून पुसायची, हळदीकुंकू, झेंडूची माळ, नारळ. फ्रीजरही बंद. वर्षभर त्याच्या भिंतींवर साठलेला बर्फ त्या दिवशी वितळवायचा, आतून सोडा घालून पुसायचा, संध्याकाळी चालू करायचा. देवाचं आणि देखभालीचं काम एकाच दिवशी उरकायचं. आदल्या दिवशी मी यादी घेऊन उभी होते तेव्हा ती आली.

"ताई, या वर्षी फ्रीजर नको बंद करायला."

"का?"

"माझं प्रोटीन आहे त्यात."

"माझी द्रावणं आहेत त्यात, सरांचे नमुने आहेत. दर वर्षी ते दिवसभर बर्फात राहतात. काही होत नाही."

"याला साधा बर्फ नाही चालत. वजा वीस लागतं."

मामा मध्ये पडले. "आवं ताई, पर दार लागंना झालंय. ह्यो एवढा बर्फ धरलाय. म्या रोज गुडघ्यानं ढकलतोय."

ते खरं होतं. दाराचं रबर फाटायला आलं होतं. आम्ही सरांकडे गेलो. सरांनी दोघींचं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुम्ही दोघी मिळून ठरवा." कुणालाही दुखवायचं नसलं की ते हेच म्हणायचे. त्यातून काम मात्र नेहमी मलाच लागायचं.

"वजा वीस हवं ना?" मी बाहेर येऊन तिला म्हटलं. "मी देते."

आमच्या घरी लाकडी बादलीचा आइस्क्रीमचा पॉट होता, सासूबाईंच्या लग्नातला. फोडलेल्या बर्फात खडेमीठ घातलं की पारा शून्याच्या किती खाली जातो, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. तरी त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर घरी नेऊन खात्री करून घेतली. पारा वजा अठराच्या आसपास जाऊन थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तो आकडा सांगताना मला जो आनंद झाला, तो माझं रजिस्ट्रेशन मंजूर झालं तेव्हाही झाला नव्हता.

तिने वडिलांना बाहुबलीच्या दर्शनाला न्यायचं कबूल केलं होतं. गाडी दारात उभी होती. तिने डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुमच्याकडे दिलं म्हणजे मला काळजीच नाही, ताई."

हे बोलायची काही गरज होती का? मला वाटलं, माझ्या घरी, माझ्या पॉटमध्ये, माझ्या बर्फात ठेवायचं आणि सर्टिफिकेट हिने द्यायचं.

प्रयोगशाळेतली पूजा आणि फ्रीजर मामांवर सोपवून मी घरी आले. घरी सासूबाईंनी विळी, कात्री, शिलाई मशिन, नवऱ्याची स्कूटर, सगळं पुजायला मांडलं होतं. मी पॉटच्या आतल्या डब्यात व्हायल ठेवली, शेजारी परीक्षेसाठी वाटीभर पाणी ठेवलं, झाकण लावलं आणि भोवती बर्फ-मीठ ठासलं. सासूबाईंनी पॉटलाही हळदीकुंकू लावलं आणि माळ घातली.

"हँडल कधी फिरवायचं?" त्यांनी विचारलं.

"फिरवायचं नाही."

"मग आइस्क्रीम कसं होणार?"

"आई, आइस्क्रीम नाहीये. माणसाच्या प्रोटीनची बाटली आहे."

पॉट दिसला म्हणून शेजारच्या वहिनी वाटी घेऊनच आल्या होत्या. त्यांना सासूबाईंनी दारातच सांगितलं, "आज मिळायचं नाही. आज आत माणूस आहे." वहिनी वाटी पदराआड करून परत गेल्या.

दिवसभर मी मीठ-बर्फ घालत होते, बुडाचं पाणी काढत होते. दिवेलागणीला झाकण काढून पाहिलं. वाटीतलं पाणी दगडासारखं गोठलं होतं. मी व्हायल उचलून उजेडासमोर धरली, तिरपी केली.

आतला थेंब वाहिला.

मी परत तिरपी केली. परत वाहिला. अगदी सावकाश, पण वाहिला. त्या पांढऱ्या टणक थेंबाचं पाणी झालं होतं.

मी ताज्या बर्फाचा थर दिला, दुप्पट मीठ घातलं, बसून राहिले, परत पाहिलं. तसंच. मला कळेना. शेजारच्या वाटीतलं पाणी दगड आणि हे पातळ? मग कधीतरी दुपारी वितळलं असणार, आणि एकदा खराब झाल्यावर आता गोठत नाहीये. घाबरलं की माणूस असंच काहीतरी शास्त्र तयार करतो. पण खरी धास्ती प्रोटीनची नव्हतीच. ते तिला मिळाल्यापासून मला काय वाटत होतं, हे माझ्या तोंडावर सगळ्यांनी वाचलं असणार. आता ते माझ्या घरात वितळलं. मी सबंध दिवस बर्फ फोडला याला साक्षीदार एक सासूबाई. कोण म्हणणार होतं की हे चुकून झालं? आणि गेलं म्हणजे माझंही गेलंच की. ते मला कधी ना कधी मिळेल ही आशाही त्याच थेंबात होती.

नवऱ्याला म्हटलं, स्कूटर काढ. हार घातलेल्या स्कूटरवर, हार घातलेला पॉट मांडीत धरून मी मागे बसले.

"वरात छान निघालीय," नवरा म्हणाला. "नवरदेव कुठला?"

"बोलू नकोस. खड्डे चुकव."

तिच्या घरी गाडी नुकतीच आली होती. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ते वाटेतच जेवून आले होते. ती अंगणात पाय धूत होती. पॉट बघून तिचं तोंड उतरलं, आणि त्याचा मला जरा धीर आला. निदान तिच्या दृष्टीनेही ही गोष्ट मोठी होती.

"वितळलं," मी म्हटलं. पायऱ्याही चढले नाही. "मी सबंध दिवस पारा बघितलाय. वाटीतलं पाणी गोठलंय, हे बघ. पण ते वितळलं. कसं ते मला माहीत नाही. मी काही केलेलं नाही."

तिने व्हायल घेतली, तिरपी केली, आणि हसायला लागली. खाली पायरीवर बसून हसायला लागली.

"ताई, ते गोठतच नाही वजा वीसला. निम्मं ग्लिसरीन असतं त्यात. गोठू नये म्हणूनच घालतात."

"आम्ही पाहिलाय गोठलेला. खोका आला तेव्हा."

"तेव्हा ते सुक्या बर्फात होतं, वजा अठ्ठ्याहत्तरला. त्यात काहीही गोठतं. फ्रीजरमध्ये ते पहिल्या दिवसापासून असंच आहे."

मी वाटी परत पॉटमध्ये ठेवली. नवरा फाटकाशी स्कूटरचा हॉर्न पुसत होता. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"हे त्या कागदात लिहिलं असेल," मी म्हटलं.

"हो."

"तो कागद तू मला दाखवला असतास, तर मी मिठाच्या बादलीसकट गावभर फिरले नसते."

तिचं हसू थांबलं. "तुम्ही मागितला नाहीत. कागद नाही आणि प्रोटीनही नाही. मी रोज वाट बघत होते."

"मागायचं कशाला? आण्णांचे फोन तुला ऐकू येत नाहीत?"

"येतात ना. सगळे ऐकू येतात." ती एकदम तिखट झाली. "मी मिरजेला पेशंटच्या नातेवाइकांपुढे हात जोडते, तर ते म्हणतात, अंगात रक्त उरलं नाही, त्यात तुम्ही कुठं घेता? महिन्याभरात एकानेही दिलेलं नाही. आणि तुम्हाला लोक फोन करून विचारतात, रक्त कधी घेताय. वर बेदाणे आणून देतात. तुमच्या कपाटात बेदाण्यांच्या पिशव्या बघते ना मी. माझ्याकडे काय आहे? एक व्हायल."

खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. मी तिच्या डबीकडे बघत होते, तेवढा वेळ ती माझ्या बेदाण्यांकडे बघत होती. तिची दया वगैरे आली नाही. नुसतं बरं वाटलं, पायातला घट्ट बूट काढल्यासारखं.

"निम्मं देते," ती म्हणाली. "पण मला गावात न्यायचं. तुमचं माणूस म्हणून."

हे मी धरलं नव्हतं. तिने दुसरं काहीही मागितलं असतं, शोधनिबंधावर आधी नाव मागितलं असतं, तरी मी इतकी थबकले नसते. ती माणसं मी एकेक करून जोडली होती. त्यांच्या बायकांना सोनोग्राफीला मिरजेला घेऊन गेले होते, पोरांच्या दाखल्यांसाठी फोन केले होते. पण छाटण्या झाल्या होत्या आणि फवारे निघाले होते.

"चालेल," मी म्हटलं.

"आणि स्लाइड कुणी वाचायच्या?"

हेही तिने बरोबर विचारलं. नियम साधा आहे: ज्याला नमुना कुणाचा हे माहीत आहे त्याने वाचायचं नाही, नाहीतर हवं तेच दिसतं. रक्त मी घेणार, खुणेचे आकडे मी घालणार. म्हणजे वाचणार ती. आदल्या वर्षी सरांनी वाचल्या होत्या, पण त्यांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू होता.

"तू," मी म्हटलं. एवढा छोटा शब्द उच्चारायला मला बराच वेळ लागला.

तिच्या आईने आतून बोलावलं, बसायला सांगितलं. मी पॉटमधलं पाणी त्यांच्या अंगणातल्या पेरूच्या आळ्यात ओतणार होते, तेवढ्यात नवरा ओरडला, "अगं मीठ आहे त्यात!" त्या झाडाचा जीव वाचला.

पुढच्याच आठवड्यात आम्ही एसटीने तासगावकडे गेलो. मी तिला वाटेत सूचना दिल्या: चहाला नाही म्हणायचं नाही, इंग्रजी बोलायचं नाही, सुई दिसेल अशी ठेवायची नाही. तिने सगळ्यांना हो म्हटलं.

आण्णा बागेच्या कडेला उभे होते, फवारणीचं औषध सुकून पांढरी झालेली बंडी अंगात. "ह्या कोन पावनी?" त्यांनी विचारलं.

"ह्या माझ्याबरोबर काम करतात. परदेशात शिकून आल्यात."

"आरं बाप रं. मग आमचं रगात तिकडं न्हेनार व्हय?"

ती पुढे झाली. बाजेवर बसली, बाही वर केली आणि मला म्हणाली, "ताई, आधी माझं घ्या. न फवारणाऱ्यांत मी चालते की." बाया गोळा झाल्या. "लय वाळकी हाय पोर," एक म्हणाली, "हिच्यात निघतंय का बगा आदी." सगळ्या हसल्या, ती सगळ्यांत जास्त हसली. त्यानंतर हात आपोआप पुढे यायला लागले. आदल्या वर्षी नाही म्हणालेली दोन माणसंही आली. मला ही युक्ती कधी सुचली नव्हती. सुचली असती तरी मी केली नसती, कारण मला सुई टोचून घ्यायला आवडत नाही.

निघताना आण्णांनी बेदाण्यांच्या दोन पिशव्या दिल्या. एक माझी, एक तिची. एसटीत मी दोन्ही हातांत धरून पाहिल्या. तिची जड होती.

"वाळकी हाय म्हणून," ती म्हणाली. मी काही बोललेच नव्हते.

प्रोटीन घातलेल्या काचा आणि न घातलेल्या काचा, असे प्रत्येकाचे दोन संच केले. प्रोटीनचे थेंब मी टाकले. ते तिने मला करू दिलं. माझा हात स्थिर आहे असं म्हणाली. मी कौतुक न ऐकल्यासारखं केलं. दोन दिवसांनी दुपारी ती सूक्ष्मदर्शकाशी बसली आणि मी आकड्यांचा कागद घडी करून पदराला खोचून तिच्या मागे उभी राहिले.

न घातलेल्या काचा आधी. "गोल," ती म्हणायची. "गोल. गोल." आदल्या वर्षीसारखंच. मग पुढचा संच. तिने काच लावली आणि फोकस केला. तिची मान किंचित पुढे गेली.

"काय?" मी विचारलं.

"ताई, हा कुणाचा?"

"सांगायचं नाही असं ठरलंय."

"सांगू नका. पण बापरे."

मला माहीत होतं तो कुणाचा. मला तिला स्टुलावरून ढकलावंसं वाटलं. पण ठरलेल्या सगळ्या पेशी मोजून झाल्याशिवाय वाचणाऱ्याने उठायचं नाही, हा नियमही माझाच होता. ती शेपट्या मोजत राहिली, कागदावर रेघा ओढत राहिली. मामा दारात आले. "काय दिसतंय का मॅडम?" ते म्हणाले. मी म्हटलं, "ताईंना विचारा." त्यांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि चहा आणतो म्हणून गेले.

शेवटी ती उठली. "बघा." मी बसले. स्टूल गरम होतं. भिंगं तिच्या नजरेला लावलेली होती, मला ती परत जुळवावी लागली. मग दिसलं. काळ्या पाटीवर एकामागून एक पेशी, आणि प्रत्येकीच्या मागे फिकट, लांब, पसरत गेलेली शेपटी. आण्णांच्या त्याच रक्तातल्या पेशी, प्रोटीन नसताना गोल राहिलेल्या. न फवारणाऱ्यांच्या काचा पुढे निघाल्या तेव्हा त्यांत जेमतेम शेंडा दिसला. तिच्या स्वतःच्या काचेतही.

आण्णांना मी एकटीच जाऊन सांगितलं. तिला म्हटलं, तू पुढच्या वेळी ये. ती हो म्हणाली, कारण त्यांना उत्तर मीच द्यायचं होतं हे तिला कळलं होतं. मी त्यांना सांगितलं की झालंय, आत झालंय, पण शरीर दुरुस्ती करत असतं. त्याला सवड द्या, हातमोजे घाला, तोंड बांधा, वाऱ्याच्या उलट फवारू नका. आण्णांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाले, "म्हंजी आमी खोटं बोलत नव्हतो." मी म्हटलं, "नाही, आण्णा."

माझा हंगाम वाचला आणि त्यावर माझी पीएच.डी. झाली. तिने पुढे दोन वर्षं सांगलीत काढली. बेदाणे शेवटपर्यंत दोन पिशव्यांतच यायचे आणि मी शेवटपर्यंत त्यांचं वजन करायचे. मग वडील बरे झाले आणि ती बंगळूरला गेली. आजही कधी विद्यार्थिनी विचारतात, मॅडम, पहिल्यांदा त्या शेपट्या दिसल्या तेव्हा कसं वाटलं? मी सांगते, फार छान वाटलं.

खरं म्हणजे पहिल्यांदा मला तिची पाठ दिसली होती.